एकोणपन्नास दिवसांचा उपास

खांडबारा
२ जून २०२४

चि. सौ. अल्पना,

जय जिनेंद्र आणि पोटभर आशीर्वाद.

घरात फोन असताना सासूने पत्र का लिहिलं म्हणून घाबरू नकोस. सगळे ठीक आहेत. पण तूच सांग, लग्नाला तीन वर्षं झाली, आपण दोघी फोनवर कधी बोललो आहोत का? तिकडून जिनेश बोलतो आणि इकडून अख्खं गाव बोलतं. मी दुकानात बसलेली, फोन तराजूशेजारी टेकवलेला, आणि साबण घ्यायला आलेला माणूसही तुझ्याकडे वाकून बघून जातो. म्हणून हे पत्र. आपण घरात मारवाडी बोलतो खरं, पण तू शहाद्याच्या मराठी शाळेतली, मी नवापूरच्या. लिहायचं म्हटलं की दोघींचा हात मराठीतच चालतो.

तर मुद्द्याचं. गेल्या रविवारी जिनेश सगळ्यांदेखत म्हणाला, "मम्मी, पप्पा गेल्यापासून दोन वर्षं तू एकटी आहेस. दुकान पारसला दे आणि कायमची इकडे ये." पारस आमचा पुतण्या, नवापूरला असतो, तो तर लगेच किल्ल्या मागायला येईल. आपली रोजची गिऱ्हाईक दगूबाई मिरची निवडत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, "मंग मी मीठ-मिरची कोठून लिसू?" मी जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललेय आणि हिला मिठाची काळजी. पण खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं.

तेव्हापासून सल्ल्यांना ऊत आलाय. आपले खताचे डीलर दोधूभाऊ, त्यांना कंपनीने मागे चार दिवस बँकॉकला नेलं होतं. त्यामुळे परदेशाचं खातं गावाने त्यांनाच दिलंय. ते म्हणतात, "काकी, परदेशमा कोनाबरोबर बोलानं नही. निस्तं हासानं. मी चार दिन हासनू, काही अडचन उनी नही." जिनेशला विचारावं तर तो म्हणतो, मम्मी, काही लागत नाही, तू फक्त ये. पुरुषमाणूस 'काही लागत नाही' म्हणाला की समजावं, सगळंच लागतं.

म्हणून तुला विचारते. तिथे राहायला काय लागतं, काय टाळावं लागतं, मला बाहत्तराव्या वर्षी झेपेल का, ते खरं खरं लिही. दोन वर्षं तू तिथे काढली आहेस.

तुझी,
सासू छोटीबाई


ट्रॉम्सो, नॉर्वे
२० जून २०२४

पूज्य मम्मीजींना,

पगे लागते.

तुमचं पत्र आलं. जिनेशने ते माझ्या हातून ओढून घेतलं, आणि 'सगळंच लागतं' या वाक्यावर रुसून बसला. आता मी पत्रं डाळीच्या डब्यामागे ठेवते.

तुम्ही खरं लिही म्हणालात, म्हणून लिहिते. पहिलं म्हणजे दोधूभाऊंचा सल्ला इथे चालणार नाही. अनोळखी माणसाकडे बघून हसलं की लोकांना वाटतं, ही बाई प्यायली आहे. बसमध्ये कोणाशेजारी बसायचं नाही. सगळी बस मोकळी असली आणि आपण एकाच्या शेजारी जाऊन बसलो, तर तो पुढच्या स्टॉपवर उतरतो. मी असे तीन जण उतरवलेत.

कोणालाही 'जेवलात का' असं विचारायचं नाही. मी भाषेच्या वर्गात शिकलेलं पहिलंच वाक्य खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला म्हटलं. ती गंभीर झाली. दुसऱ्या दिवशी दाराशी डबा! तिला वाटलं, मी उपाशी आहे. उघडून बघते तर आत मासा. परत कसा करायचा? शेवटी बाहेरच्या मांजराला घातला, डबा घासून दिला आणि 'फार छान होता' म्हटलं. तेव्हापासून दर शुक्रवारी मासा येतो. मांजर आता आमच्याच दाराशी राहायला आलंय.

भाजी म्हणजे इथे बटाटा. बटाटा नको म्हटलं तर गाजर देतात. कंदमूळ म्हणजे काय हे समजावून सांगता सांगता माझी भाषा बरीच सुधारली. मिळते ती कोबी, सिमला मिरची आणि बर्फातले वाटाणे. कचऱ्याला पाच डबे. चुकीच्या डब्यात टाकलं तर चिठ्ठी येते. जिना पुसायची पाळी येते, ती मालकालाही चुकत नाही. थंडीत रस्ता काचेसारखा होतो, बुटांना खिळे लावून चालायचं. गेल्या वर्षी आमच्या इमारतीत दोघांचे हात मोडले.

आणि सूर्य. सध्या तो मावळतच नाही. चोवीस तास समोर. जिनेश वाटेल तेव्हा खाखरा चावत फिरतो आणि वर मलाच म्हणतो, "चौविहार कुठे मोडला? रात्री खाल्लं तर मोडतो, सूर्य आहे ना!" या उन्हाळ्यात चार किलो वाढलाय. हिवाळ्यात उलटं. सत्तावीस नोव्हेंबरला सूर्य जातो तो पंधरा जानेवारीलाच तोंड दाखवतो. दिवसभर दिवे लावून बसायचं.

तुम्ही अवश्य या. पण नीट विचार करून ठरवा.

तुमची,
अल्पना


खांडबारा
१४ जुलै २०२४

चि. सौ. अल्पना,

आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. 'येऊ नका' असं तू कुठेही लिहिलेलं नाहीस, हे खरं. पण मुली, मी पन्नास वर्षं किराणा दुकानात बसले आहे. गिऱ्हाइकाला माल द्यायचा नसला की कसं बोलतात, ते मीच गावाला शिकवलंय. 'गूळ आहे हो, पण जरा जुना आहे, पावसात ओलावलाय, मुंग्याही होत्या. तुम्ही अवश्य न्या, पण नीट विचार करून ठरवा.'

राग नाही. प्रत्येकीला आपलं घर आपलं लागतं. मीही माझ्या सासूला एकदा अशीच घाबरवून आठ दिवस लांबवली होती. पण मनाला लागलं, ते लिहून टाकते. पोटात ठेवलं की मला पित्त होतं.

तरी जिनेशने हट्ट धरलाय, परवान्याचे कागद पाठवलेत. आणि मला भीती ना बर्फाची आहे, ना पाच डब्यांची. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या गोष्टीने मात्र माझी झोप उडवली. सूर्य दीड महिना उगवतच नाही?

तुम्ही निघालात तेव्हा मी तुला एकच गोष्ट सांगितली होती. परदेशात वाटेल ते घाल, वाटेल तिथे फिर, पण सूर्य मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही. तू लगेच माझ्याबरोबर आपल्या जैन स्थानकात आलीस आणि साध्वी महासतीजींसमोर हात जोडून चौविहाराचं पच्चक्खाण घेतलंस, शपथच घेतलीस. मी तेव्हा आनंदाने रडले होते. जिनेशने मात्र बुटांची लेस बांधण्यात दहा मिनिटं घालवली.

आता मला सांग, जो उगवतच नाही तो मावळणार कधी? आणि उगवला नाही तर आपण जेवायचं कधी? मी दुकानात विचारलं. दगूबाई म्हणाली, "सूर्य उगस नही? मंग तठला कोंबडा कवय आरवस?" दोधूभाऊ म्हणाले, "काकी, घड्याळ खांडबारानंच ठेवानं. अठे सूर्य उगना का तठे जेवानं." मला ते पटलं. पण दोन हिवाळे तू काढलेस. तू चौविहार कसा पाळलास ते सविस्तर लिही. तू केलंस तसंच मी करीन.

छोटीबाई


ट्रॉम्सो
४ ऑगस्ट २०२४

पूज्य मम्मीजींना,

पगे लागते.

तुमचं पत्र वाचून मी दिवसभर रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. मांजर सगळं बघत होतं. मी तुम्हाला गुळासारखं वागवलं नाही हो. तुम्ही येऊ नये असं मला कसं वाटेल? पण मनात काय होतं ते पत्रात नीट लिहिता येत नाही.

दोधूभाऊंचा उपाय मी कागदावर मांडून पाहिला. हिवाळ्यात खांडबारा आमच्या साडेचार तास पुढे असतं. तिथे सातला सूर्य उगवला, त्यावर नवकारशीसाठी थांबायची अठ्ठेचाळीस मिनिटं गेली, म्हणजे इथे पहाटे सव्वातीनला नाश्ता. आणि दुपारी सव्वा-दीडला तुमचा सूर्यास्त, की पाणीसुद्धा बंद. जिनेश म्हणाला, तो यापेक्षा दीक्षा घेईल.

तुम्ही माझं विचारलंत. गेल्या हिवाळ्यात जमलं तसं पाळलं. तुमच्या आशीर्वादाने दिवस निभावले. त्याचं काय सांगायचं!

मुगाच्या वड्या आणाल का? इथल्या मुगाला वास नाही.

तुमची,
अल्पना


खांडबारा
१२ सप्टेंबर २०२४

चि. तपस्वी सौ. अल्पना हिस,

मिच्छामि दुक्कडम्. कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल तर क्षमा कर. आणि या वेळी नुसती रीत म्हणून मागत नाही. मी तुला गूळ द्यायला काचकूच करणाऱ्या दुकानदाराच्या रांगेत बसवलं. आता मला तोंड दाखवायला जागा नाही.

झालं असं. या वर्षी आपल्या खांडबाऱ्याला महासतीजींचा चातुर्मास आहे. पर्युषणात व्याख्यान झाल्यावर मी तुझा प्रश्न काढला, की सूर्य नसेल तिथे चौविहार कसा होतो? आणि अभिमानाने सांगितलं, "माझ्या सुनेने पाळलाय. पत्रात लिहिलंय तिने, दिवस निभावले म्हणून." मागून कोणीतरी विचारलं, सूर्य किती दिवस नसतो? मी म्हटलं, सत्तावीस नोव्हेंबर ते चौदा जानेवारी. आपली माणसं, हिशोबाला वेळ किती लागतो! एकोणपन्नास दिवस. मग एक जण म्हणाला, सूर्य उगवल्याशिवाय तोंडात काही घालता येत नाही. सूर्य एकोणपन्नास दिवस उगवला नाही. सुनेने पच्चक्खाण मोडलं नाही. म्हणजे काय झालं?

"म्हणजे उपासच की!" सगळं स्थानक एकदम म्हणालं. आणि मग जयजयकार!

अगं, महिन्याच्या उपासाला आपल्याकडे मिरवणूक निघते. तू एकोणपन्नास दिवस उपास केलास, परक्या मुलखात, बर्फात, बटाट्यांच्या गर्दीत, आणि सासूला लिहितेस 'त्याचं काय सांगायचं!' मला तो शब्द आठवून भरून येतं. महासतीजींनी मात्र एवढंच विचारलं, "पत्रात तसं स्पष्ट लिहिलंय का?" मी म्हटलं, तपस्वी माणूस स्वतःच्या तोंडाने कधी सांगतो का?

आपल्या जैन संघाने तुझा बहुमान ठरवला आहे. रविवार, वीस ऑक्टोबर. तू नाहीस म्हणून शाल मी घ्यायची. तीनशे माणसांचं जेवण. दोधूभाऊंनी स्टेशन रस्त्यावर आठ फुटी बॅनर लावलंय, लग्नातला तुझा फोटो आणि खाली 'खांडबाऱ्याची तपस्वी स्नुषा'. कोपऱ्यात त्यांच्या खताची पोती आहेत, ती दुर्लक्ष कर. दगूबाई बॅनरखाली बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, तुन्ही सून एकोणपन्नास दिन जेवनी नही, मंग तिना गाल इतला भरेल कशा?" मी म्हटलं, ते तपाचं तेज आहे. आणि फोटो लग्नातला आहे.

आता मी येणारच. अशी सून असताना मी इथे साबण विकत बसू? पारसला दुकान दाखवायला बोलावलंय.

तुझीच,
छोटीबाई


ट्रॉम्सो
२९ सप्टेंबर २०२४

मम्मीजी,

हे पत्र एकटीने वाचा. दुकानात उघडू नका.

तुमचं पत्र काल मिळालं. मी लगेच फोन केला होता. तुम्ही फोन उचललात आणि मी 'मम्मीजी' म्हणायच्या आत तुम्ही दुकानातल्या लोकांना म्हणालात, "तपस्वीचा फोन!" मागून दहा-बारा जणांनी माझा जयजयकार केला. एकाने लहान मूल कॅमेऱ्यासमोर धरलं, आशीर्वाद द्या म्हणून. मी मुलाला आशीर्वाद दिला आणि फोन ठेवला. म्हणून आता लिहिते.

मी उपास केला नाही. चौविहारसुद्धा पाळला नाही.

पहिला हिवाळा निभला, कारण आम्ही तेव्हा दक्षिणेला ऑस्लोला होतो. तिथे उशिरा का होईना, सूर्य रोज येतो. गेल्या वर्षी जिनेशची बदली इथे झाली. सत्तावीस नोव्हेंबरला मी सकाळी आंघोळ करून खिडकीत बसले, सूर्य दिसला की नवकारशी करू म्हणून. दहा वाजले. बारा वाजले. आकाश निळसर झालं आणि पुन्हा काळं. खालची म्हातारी वर आली, तिला वाटलं मी कोणाची तरी वाट बघतेय. मी म्हटलं, सूर्याची. ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "तो जानेवारीत येतो."

कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. भाषेच्या वर्गात सांगितलं होतं, पण मला वाटलं, ढगाळ असेल. सूर्य उगवत नाही म्हणजे खरोखर उगवत नाही, हे शहाद्याच्या मुलीच्या डोक्यात शिरत नाही हो.

मी दोन दिवस उपास केला. तिसऱ्या दिवशी भाषेच्या वर्गात फळ्यावरची अक्षरं फिरायला लागली. घरी आले, संध्याकाळचे सहा, बाहेर मिट्ट काळोख. जिनेश कामावर. मी भात लावला, ट्यूबलाइटखाली बसून लोणच्याशी खाल्ला आणि रडले. तुम्ही माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती, ती मी लोणच्याबरोबर खाल्ली. त्या दिवसापासून सत्तेचाळीस दिवस रोज तसंच जेवले. एकटी, भिंतीकडे तोंड करून. जिनेश त्या दिवसांत बाहेरगावच्या कामावर होता. सूर्य परत आल्यावर सुरू करीन म्हटलं, पण एकदा मोडलेलं पुन्हा कोणत्या तोंडाने घेऊ?

म्हणून ते पत्र तसं झालं. बर्फ, खिळे, पाच डबे. तुम्ही आलात की मला जेवताना बघाल, एवढीच भीती होती. आणि तरी रोज वाटायचं, कोणीतरी घरचं समोर बसलेलं असावं. हे दोन्ही एकाच डोक्यात कसं राहतं, मला माहीत नाही.

सांगायला बसलेच आहे तर हेही सांगते. जिनेश 'समुद्राच्या संगणकाचं काम' करतो असं तुम्हाला सांगितलंय. तो मासळी पाळणाऱ्या कंपनीत आहे. पाण्यात कॅमेरे सोडून मासे मोजतो. तुम्हाला कळलं तर तुम्ही त्याच्या हातचं पाणी पिणार नाही, असं त्याला वाटतं.

बहुमान थांबवा. बॅनर उतरवा. आणि यायचं की नाही, ते आता तुम्हीच ठरवा. नाही आलात तर मी समजेन.

अल्पना


खांडबारा
२२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अल्पना,

आशीर्वाद. 'तपस्वी' शब्द काढून टाकलाय, पण बाकीचे सगळे आशीर्वाद होते तेवढेच आहेत.

तुझं पत्र अठरा तारखेला आलं, शुक्रवारी. म्हणजे बहुमानाच्या दोन दिवस आधी. तीनशे माणसांचा शिधा घरात आलेला, दाराला तोरण, पारसची बायको नवी साडी नेसून मुक्कामाला. मी पत्र गोडाऊनमध्ये तेलाच्या डब्यावर बसून वाचलं आणि तिथेच बसून राहिले. खोटं का बोलू, आधी मला तुझी कीव नाही आली. आधी मला माझीच लाज वाटली. गावात दीड महिना मी अशी मिरवले होते जणू उपास मीच केला! दोन दिवस मनात येत राहिलं, कोणाला कळणार आहे? नॉर्वेला बघायला कोण जातंय? शाल घे, जेवण होऊ दे. मी हे तुला लिहितेय, कारण तूही मला सगळं लिहिलंस.

रविवारी स्थानक भरलेलं. अध्यक्षांनी तुझं नाव घेतलं, शाल उघडली. मी उठले आणि माझ्या तोंडून निघालं, "शाल घडी करून ठेवा." मग सगळं सांगितलं. खिडकी, म्हातारी, भात, लोणचं. बोलताना पुढच्या बाईचा खांदा धरून ठेवला होता. मागून कुजबुज सुरू झाली, सूनबाईने पच्चक्खाण मोडलं म्हणून. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तिने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. 'निभावले' एवढं लिहिलं होतं. एकोणपन्नास दिवस तुम्ही मोजलेत आणि जयजयकार मी ऐकला. आणि पच्चक्खाण घेताना सूट ठेवतात, आजारपणाची, प्रवासाची. त्याला आगार म्हणतात, हे मला माहीत होतं. तिला नव्हतं, ती नवी होती. मी तिला कोणताही आगार न ठेवता शपथ घ्यायला लावली. सूर्यसुद्धा रजेवर जातो, हे मला कुठे ठाऊक होतं? चूक माझी आहे, प्रायश्चित्त मला द्या."

महासतीजी हसल्या. म्हणाल्या, "छोटीबाई, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पत्रात स्पष्ट लिहिलंय का." मग मला प्रायश्चित्त म्हणून तीन आयंबिल दिली, बिनतिखट, बिनतेल, एकवेळ. तुझ्यासाठी विचारलं, "तिथे दुपारी थोडा निळा उजेड येतो ना? त्यात हाताच्या रेषा दिसतात का?" मी म्हटलं, विचारून सांगते. रेषा दिसतील तेवढ्या वेळात जमेल तेव्हा जेवावं, आणि नाही जमलं त्या दिवशी स्वतःला छळू नये, असं त्यांनी सांगितलंय. तर दुपारी खिडकीत हात धरून बघ आणि कळव.

जेवण मात्र झालं. तीनशेची तयारी होती, चारशे आले. बहुमान झाला असता तर एवढे आले नसते. बॅनर दगूबाईने मागून नेलं, मिरच्या वाळत घालायला. तिला मी काही म्हणू शकले नाही. सगळ्या गावात तुझे गाल तिनेच नीट बघितले होते.

जिनेशला सांग, त्याच्या हातचं पाणी मी पिईन. मासे धरत नाही, मारत नाही, खात नाही, मोजतो. वाण्याचा मुलगा मोजणार नाही तर काय करणार? पण मला सांगितलं नाही म्हणून मी त्याच्याशी चार दिवस बोलणार नाही. समोर बसून न बोलण्यात जी मजा आहे, ती फोनवर नाही.

दुकान मी सोडत नाही. पारसला सांगितलं, दोन-अडीच महिने सांभाळ, मग माझं मला परत दे. त्याचा चेहरा पडला, पण दगूबाईचा खुलला. सगळे म्हणतात, काकी, मे महिन्यात जा, तिथे तेव्हा छान उजेड असतो, फिरायला बरं. मी म्हटलं, फिरायला कोण चाललंय? उजेडात त्या दोघांना माझी काय गरज? परवाना हातात आला आहे, चोवीस नोव्हेंबरचं तिकीट काढलंय. दर वर्षी सूर्य गेला की मी येईन आणि तो आला की मी परत दुकानात. मुगाच्या वड्या घातल्या आहेत, पण तू मागितल्यास त्याच्या तिप्पट. सामानात दुसरं काही मावत नाही, तेव्हा स्वेटर तिथेच घेऊ.

काल पुन्हा स्थानकात गेले होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी अंधार पडल्यावर जेवलेले नाही. कधी कोणासाठी सोडलं नाही, जिनेशच्या पप्पांसाठीसुद्धा नाही. मी महासतीजींसमोर हात जोडले आणि माझं पच्चक्खाण नव्याने घेतलं. या वेळी एक आगार ठेवून. त्यांनी विचारलं, कशाचा? मी सांगितलं, माझी सून एकटी जेवायला बसलेली दिसली, तर मी तिच्या ताटासमोर माझं ताट मांडीन. मग बाहेर दिवस असो की रात्र.

तुझी,
छोटीबाई